काळ्या दगडावरची रेघ

एखाद्या गोष्टीची पक्की खात्री द्यायची असली की मराठी माणूस म्हणतो, ‘ही काळ्या दगडावरची रेघ!’ तो काळा दगड म्हणजे सह्याद्रीचा कातळ, बेसॉल्ट. सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी लाव्हाचे थरावर थर साचून तो घडला.

या कातळावर भूशास्त्राचाही भरवसा होता. दख्खनचं पठार स्थिर आहे, इथे मोठा भूकंप व्हायचा नाही, असं तज्ज्ञ मानत. 11 डिसेंबर 1967 च्या पहाटे भूकंपाने कोयनानगर कोसळलं. पावणेदोनशेहून अधिक माणसं गेली.

मग वाद पेटला. कोयना धरणाच्या शिवाजीसागर जलाशयात पाणी साठू लागल्यापासून परिसरात हादरे बसत होते. एक बाजू म्हणे, धरणानेच भूकंप आणला. दुसरी म्हणे, भूकंप जमिनीच्या पोटातला, धरणाचा काय संबंध? दोन्हीकडे अभ्यासू माणसं होती. म्हणूनच पुढे जे झालं ते मोलाचं आहे. हादऱ्यांची मोजणी वर्षानुवर्षं चालू राहिली आणि प्रश्नच बदलला. खडकात ताण आधीपासून होता, जलाशयाने त्याला चालना दिली, असं आज बहुतेक शास्त्रज्ञ मानतात. ‘धरणाने घडवला’ आणि ‘धरणाने चालना दिली’ यांतला फरक शब्दांच्या कसरतीचा नाही. पहिल्या वाक्यात जमिनीच्या पोटातला ताण विसरला जातो, ‘काय संबंध’ म्हणताना पाणी विसरलं जातं.

तरीही कोणी वही मिटली नाही. भूकंपानंतर पन्नास वर्षांनी, 2017 मध्ये, कोयनेच्या परिसरात सुमारे 3 किलोमीटर खोल भोक पाडून खालच्या ग्रॅनाइटचे नमुने काढले गेले. जमिनीलाच विचारायला इतकं खाली जाणं, ही विनम्रता हातांनी केलेली आहे. घरातल्या भांडणात आपण एक पायरीही खाली उतरत नाही. ‘मला इतकंच माहीत आहे, पुढचं माहीत नाही’ हे वाक्य तोंडून निघत नाही, कारण ते हार मानल्यासारखं वाटतं. ती हार नव्हे.

खात्रीची किंमत मात्र भलत्यांनीच मोजली. कोयनेनंतर, 1970 मध्ये, देशाचा भूकंप-नकाशा सुधारला गेला, पण लातूर जिल्ह्यातलं किल्लारी सर्वांत कमी धोक्याच्या ‘विभाग 1’ मध्येच राहिलं. 1992 मध्ये तिथे हादरे जाणवत होते. दगडमातीच्या जाड भिंतींची घरं तशीच उभी होती. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे, गणेश विसर्जन आटोपून गावं झोपलेली असताना, लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांत हजारो माणसं भूकंपात त्याच भिंतींखाली गाडली गेली. तो विभाग म्हणजे तेव्हाच्या ज्ञानाचा अंदाज होता. तो अभयवचनासारखा वाचला गेला.

2002 मध्ये देशाचा भूकंप-नकाशा पुन्हा आखला गेला. त्यात ‘विभाग 1’ ठेवलेलाच नाही.