वेस कोणाची?

नगर वाढते तेव्हा वेस सरकते. ती सरकवण्याचा अधिकार मात्र कोणाचा?

अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलिना राज्यात शहराला लागून असलेले जमीनमालक, आपल्या मिळकती हद्दीत घ्याव्यात, असा अर्ज करू शकतात. सामान्यतः त्या क्षेत्रातील सर्व मालकांच्या सह्या लागतात. जाहीर सुनावणीनंतर निर्णय नगरसभेचा. वॉशिंग्टन राज्यात अनेक शहरांना लागू असलेल्या एका पद्धतीत करआकारणीच्या मूल्यापैकी 60 टक्के मूल्याच्या मालकांच्या सह्या अर्जाला पुरतात. आपल्याकडे रीत वेगळी. पुणे महापालिकेत 2017 साली 11 आणि 2021 साली 23 गावे आली, ती शासनाच्या अधिसूचनेने. हरकती मागवल्या गेल्या. संमतीची अट नव्हती.

जो कर भरणार त्याला आधी विचारावे, हे न्याय्यच. परंतु सही मिळकतीची झाली, की एका मोठ्या मालकाचे मूल्य अनेक शेजाऱ्यांच्या सह्यांहून जड होते. आणि भाडेकरू, मजूर तर मोजलेच जात नाहीत. पाणी, दिवे, शाळा यांची गरज मात्र त्यांनाही तितकीच.

आमच्या घराण्यांतील पुष्कळजण परमुलखात आले तेव्हा त्यांच्या नावे गुंठाभर जमीन नव्हती. तरी गाव त्यांचे झाले, ते तेथे राहिल्याने, तेथे राबल्याने. म्हणून आम्हांस वाटते, मालकाची संमती आवश्यक मानावी; पुरेशी मानू नये. वेस जमिनीभोवती आखली जाते, पण तिच्या आत नांदतात ती माणसे.