दिलेल्या यकृताचे ऋण

नोव्हेंबर 1998 मध्ये दिल्लीच्या इंद्रप्रस्थ अपोलो रुग्णालयात कांचीपुरमच्या वीस महिन्यांच्या मुलावर यकृत प्रत्यारोपण झाले. बालकावरचे भारतातील हे पहिले यशस्वी यकृत प्रत्यारोपण. जन्मतःच पित्तनलिका बंद असण्याचा आजार त्याला होता. वडिलांनी आपल्या यकृताचा तुकडा दिला. पुढे तो मुलगा डॉक्टर झाला.

हे शेवटचे वाक्य सगळ्यांना आवडते, मलाही. पण त्याने जणू जगण्याची किंमत चुकती केली, असा सूर त्यात ऐकू येतो, तेव्हा मी थबकतो. वाचवलेले मूल कुणाचे काही देणे लागते का?

सुरुवातीचे धोके शरीराचे असतात. आजार उशिरा कळतो, मूल कुपोषित होते, बारीक धमनीत गुठळी होते, जंतुसंसर्ग होतो. चांगल्या केंद्रांत आज दहातली नऊ मुले पहिले वर्ष पार करतात. नंतरचा धोका मात्र घड्याळाचा असतो. शरीराने परके यकृत नाकारू नये म्हणून रोज ठरल्या वेळी गोळ्या, जन्मभर. आणि पंधरा-सोळाव्या वर्षी काही मुले त्या गुपचूप बंद करतात. जगलेल्या मुलाचे यकृत पुढे निकामी होण्याचे हे एक मोठे कारण आहे.

अशा वेळी घरात कोणते वाक्य उच्चारले जाते, ते सांगायला नको. ‘तुझ्यासाठी बापाने पोट चिरून घेतले.’ वाक्य खरेच आहे. दात्याच्या जिवालाही थोडा का होईना, धोका असतोच. आपल्याकडे तर मातृऋण-पितृऋण ही कल्पना बाळकडूतूनच मिळते. मग गोळी टाळणे हा कृतघ्नपणा नव्हे का?

मला तसे वाटत नाही. कर्जाला दोन बाजू लागतात. 1994 चा कायदा दात्याची संमती मागतो आणि अवयवाच्या मोबदल्याला गुन्हा मानतो. वीस महिन्यांच्या बाळाला कुणी विचारलेले नसते, विचारता येतही नाही. न मागितलेल्या दानाची पावती पंधरा वर्षांनी त्याच्यापुढे धरली, तर पैसे न घेताही तो मोबदलाच झाला. शिवाय दात्याचे उरलेले यकृत काही महिन्यांत जवळपास पूर्ववत वाढते. परत मिळवण्यासारखे मुलाकडे काही नसते. आणि जिवावर घेतलेली जोखीम? ती फेडता येणारी वस्तूच नाही.

ऋणाखाली दबलेल्या मुलाला गोळी हा हप्ता वाटतो, आणि हप्ता चुकवावासा वाटणे त्या वयात स्वाभाविक आहे. त्याने गोळी घ्यावी ती उद्या क्रिकेट खेळायचे आहे म्हणून, बापासाठी नव्हे.

तो मुलगा डॉक्टर झाला, चांगलेच झाले. कारकून झाला असता, बेकार राहिला असता, तरी ते प्रत्यारोपण तितकेच यशस्वी ठरले असते.