पदार्थ आणि ताट

शहापूरला महामार्गालगतच्या किराणा दुकानात हल्ली अक्रोडाची छोटी पाकिटं टांगलेली असतात. 'मेंदूसाठी चांगले' असं मुलं नागपूरहून फोनवर बजावतात आणि म्हातारी माणसं मुकाट्यानं घेतात. अक्रोडाशी माझं वैर नाही. विसरभोळेपणावर एकेक पदार्थ उतारा म्हणून सुचवण्याची जी सवय लागली आहे, तिच्याशी आहे. आणि आजोबांचं जेवण परत आणा म्हणणाऱ्यांना एवढंच विचारावं, दुष्काळात आजोबांकडे काय शिजत होतं?

लाखोरीची डाळ शिजत होती. धान उभं असतानाच ओल्या बांधीत फेकायची; पुढे पाणी नसलं तरी तगते. म्हणून उपासमारीत ताटात तेवढीच उरायची, आणि दोन-तीन महिने तीच पोटात गेली की पाय लुळे पडायचे. १९६१ साली तिच्या विक्रीवर बंदी आली. नागपूरचे शांतिलाल कोठारी त्याविरुद्ध वर्षानुवर्षं झगडले. पुढे राज्यानं बंदी उठवली. लाखोरीत विष आहे हे खरं, आणि तिनं पाय जातात, आठवण नाही, हेही खरं. पण भात, भाजी, मासोळीसोबत तीच डाळ लोकांनी पिढ्यान् पिढ्या पचवली. दोष पदार्थापेक्षा एकट्या पदार्थाच्या ताटाचा होता.

अक्रोडवाल्यांचं म्हणणं असं, की हे विज्ञान आहे. शिकागोच्या रश विद्यापीठातून २०१५ मध्ये 'माइंड' आहार पुढे आला: पालेभाज्या, बेरी, सुकामेवा, मासे. असं खाणाऱ्यांची स्मरणशक्ती कमी घसरते, असं निरीक्षणात दिसलं. मग ६०४ जणांवर तीन वर्षं रीतसर चाचणी झाली. २०२३ च्या निकालात, नेहमीचंच पण थोडं कमी खाणाऱ्या दुसऱ्या गटाच्या तुलनेत लक्षणीय फरक निघाला नाही. तीन वर्षं अपुरी, असं समर्थक म्हणतात. असतील. मग पाकिटावर एवढी खात्री कुठून येते? फिनलंडच्या १,२६० जणांच्या प्रयोगात फायदा दिसला खरा. पण तिथे आहाराबरोबर व्यायाम होता, बुद्धीचा सराव होता, रक्तदाबावर लक्ष होतं. त्यातून अक्रोडाचा वाटा कोण वेगळा काढणार?

आपल्याकडे म्हातारपणी ताटात काय घालावं यापेक्षा ताटातून काय निघून गेलं, हे आधी पाहायला हवं. दात गेले की चणे जातात. गळ्यात माळ आली की ढिवरांकडचे झिंगे-मासोळ्या बंद. दूध डेअरीला. त्यात मधुमेहाची मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं चालू. मासोळी-दूध जाण्यानं आणि या गोळीनं बी-१२ जीवनसत्त्व घटतं, आणि ते फार घटलं की विसरणं, गोंधळणं, पायांना मुंग्या. हा विसर वेळीच ओळखला तर बराचसा मागे फिरू शकतो. सगळाच विसर तसा नसतो, हेही मला ठाऊक आहे.

माझी मामी रात्री चहात टोस्ट बुडवून जेवण आटपायची. 'एकटीसाठी काय रांधू बापा?' गॅस चालू राहू लागला तेव्हा सगळ्यांनी वयावर ढकललं, मीसुद्धा. रक्त तपासलं ते दीड वर्षानं. इंजेक्शनांनी जेवढं परत यायचं तेवढं आलं: गॅस आठवतो, नातवंडांच्या नावांची अदलाबदल होते. शेजारीण आता दुपारी वाटीभर दही आणि आंबाडीची भाजी देऊन जाते. मुलानं पाठवलेले अक्रोड फडताळात तसेच आहेत. तिला ते चावत नाहीत.