न सांगितलेली खोड

खोटे बोलू नये, ही शिकवण आपणां सर्वांस बालपणीच मिळते. परंतु एकही खोटा शब्द न उच्चारता समोरच्या माणसाची चुकीची समजूत तशीच राहू देणे कितपत योग्य, हा प्रश्न पुष्कळदा आयुष्याच्या उतरणीवर समोर येऊन उभा राहतो. आमच्यापुढे तो गेल्या हिवाळ्यात एका मोटारगाडीच्या रूपाने आला. तो उभा राहिला असे म्हणण्यापेक्षा बसला असे म्हणणेच वस्तुस्थितीस अधिक धरून होईल.

ही उंच, सात आसनांची, परदेशी बनावटीची गाडी हैदराबादेस असलेल्या आमच्या धाकट्या बंधूंनी काही वर्षे वापरली आणि मग इचोड्याच्या घरी आणून ठेवली. तिच्या मागील चाकांवर पोलादी स्प्रिंगांच्या जागी हवा भरलेले रबरी फुगे आहेत. ट्रक-बसची कामे करणारे कारागीर त्यांना ‘बलून’ म्हणतात. मागे माणसे वा सामान वाढले की एक लहानसा विजेवर चालणारा कॉम्प्रेसर या बलूनांत हवा भरतो. भार उतरला की झडप उघडून जादा हवा सोडली जाते. गाडीची उंची मोजणारे सेन्सर या साऱ्यावर लक्ष ठेवतात. महामार्गावर ही योजना फार सुखाची वाटते. आमच्या शेताकडील काळ्या मातीच्या वाटेवर तिचे वय लवकर सरते.

रात्री अंगणात सरळ उभी केलेली गाडी सकाळी मागल्या डाव्या अंगास बसलेली दिसू लागली. किल्ली फिरवून इंजिन सुरू केले की कॉम्प्रेसर घरघरू लागे, आणि काही मिनिटांत गाडी पुन्हा ताठ होई. मग दिवसभर कोणास काही शंका येण्याचे कारण उरत नसे.

महामार्गालगत ट्रकच्या एअर ब्रेकची कामे करणारा एक कारागीर आहे. त्याने संध्याकाळी येऊन प्रथम टेपने दोन्ही बाजूंची उंची मोजली आणि मग कॉम्प्रेसरचा फ्यूज काढून खिशात टाकला. आम्ही कारण विचारले, तेव्हा तो म्हणाला, “हा पंप चालू राहिला तर गाडी खरं सांगणार नाही.” सकाळी उजवी बाजू होती तेथेच होती, डावी चार बोटे खाली गेली होती. दोन्ही बाजू सारख्या बसल्या असत्या, तर त्याने दोहोंना जोडणाऱ्या नळीवर वा झडपांच्या ठोकळ्यावर प्रथम संशय घेतला असता. एकच बसल्यामुळे शोध डाव्या बाजूपुरता उरला. गाडीचे अंग भक्कम घोड्यांवर टेकवून, चाक काढून आणि फ्यूज पुन्हा बसवून त्याने बलूनमध्ये हवा भरली आणि साबणाचे पाणी ब्रशने सर्वत्र फिरविले. नळीच्या सांध्यांवर काही नाही, झडपेवर काही नाही. बलूनचे रबर जेथे घडी घेते आणि उलगडते, तेथे मात्र मोहरीएवढे बुडबुडे एकामागून एक येऊ लागले. रबराला त्या घडीवर बारीक चिरा पडल्या होत्या.

त्याने निदान सांगितले ते असे. बलून बदलावाच लागेल, आणि दुसराही त्याच वयाचा असल्याने जोडीच बदललेली बरी. कॉम्प्रेसर आज चालतो आहे. पण तो थोडा वेळ चालून थांबण्यासाठी बनविलेला असतो, आणि येथे कित्येक महिने तो गळती भरून काढण्यासाठी तापत राहिला आहे. हवेतील दमट शोषून घेणारे त्याच्या सोबतचे दाणेही बहुधा ओलावले असतील. तो किती दिवस टिकेल, हे कोणीच सांगू शकणार नाही.

गाडी विकावयाची हे त्यापूर्वीच ठरले होते. दलालाने निदान ऐकून घेतले आणि शांतपणे सल्ला दिला की खर्च करूच नका. गिऱ्हाइकाला दुपारी बोलवा, तो येण्याआधी अर्धा तास इंजिन चालू ठेवा, आणि विचारले तरच सांगा. गिऱ्हाईक म्हणजे जवळच्या गावचा कापूस पिकविणारा एक तेलुगूभाषक शेतकरी होता. घरात वृद्ध आईवडील असल्यामुळे त्याला ऐसपैस गाडी हवी होती. आमचे चुलते अण्णा ओसरीवर बसून हे ऐकत होते. ते म्हणाले, “आपल्यातला असता तर सांगितलं असतं. हा व्यवहार आहे.”

अण्णांच्या या दोन वाक्यांनी आमची त्या रात्रीची झोप घेतली, कारण ती आम्हांस पटण्याजोगी वाटली होती.

कायदा पाहू जाता तो बराचसा अण्णांच्या बाजूने आहे. १८७२ च्या भारतीय करार कायद्याचे सतरावे कलम सांगते की, केवळ मौन ही फसवणूक नव्हे; बोलण्याचे कर्तव्य असेल, किंवा ते मौनच बोलण्यासारखे असेल, तर गोष्ट निराळी. तेथे दिलेली उदाहरणे घोड्याची आहेत. एक मनुष्य खोड असलेला घोडा लिलावात विकतो आणि काही बोलत नाही, तर ती फसवणूक नाही. घेणारी त्याची नुकतीच सज्ञान झालेली मुलगी असेल, तर मात्र सांगणे त्याचे कर्तव्य ठरते. आणि घेणारा जर म्हणाला, “तुम्ही नाकारले नाही तर घोडा निर्दोष आहे असे मी समजेन,” तर त्यानंतरचे मौन हे बोलण्यासारखेच होय. दीडशे वर्षांपूर्वीच्या या कायद्यात ‘आपल्यातला’ हा विचार मुलीच्या रूपाने येऊन बसला आहे, हे पाहून आम्हांस आश्चर्य वाटले.

हा वाद त्याहूनही फार जुना आहे. रोमचा सिसेरो याने इ. स. पू. ४४ मध्ये, अथेन्सला शिकत असलेल्या आपल्या मुलासाठी कर्तव्यांविषयीचा ग्रंथ लिहिला. त्याच्या तिसऱ्या भागात घर विकणाऱ्या मनुष्याचे उदाहरण येते. घर रोगट आहे, खोल्यांतून साप निघतात, लाकूड किडके आहे, आणि हे धन्याखेरीज कोणास ठाऊक नाही. त्याने सांगावे की नाही? सिसेरो येथे दोन तत्त्वज्ञांचा वाद मांडतो. बॅबिलोनचा डायोजेनिस म्हणतो की, विकणाऱ्याने कोणाला घ्यावयास भाग पाडलेले नाही, घेणाऱ्याने डोळे उघडे ठेवावेत, आणि स्वतःच्या मालाचे दोष ओरडत फिरणारा विक्रेता मूर्खच म्हणावा लागेल. टार्ससचा अँटिपेटर म्हणतो की, वाट चुकलेल्याला वाट न दाखविण्यापेक्षाही हे वाईट आहे, कारण येथे जाणूनबुजून दुसऱ्याला चुकीच्या वाटेने जाऊ दिले जाते. सिसेरोचा कौल अँटिपेटरकडे आहे. गप्प राहणे हे प्रत्येक वेळी लपविणे नसते, हे तो मान्य करतो. परंतु आपल्याला ठाऊक असलेली गोष्ट, जी जाणण्यात दुसऱ्याचे हित आहे, ती केवळ आपल्या फायद्यासाठी त्याला कळू न देणे म्हणजे लपविणे, असा त्याचा आशय आहे.

या कसोटीवर दलालाचा सल्ला घासून पाहिला, तेव्हा त्यातील एक गोम ध्यानात आली. तो सल्ला मौनाचा नव्हताच. दुपारची वेळ निवडणे आणि अर्धा तास आधी इंजिन चालविणे या कृती होत, आणि त्यांचा अर्थ “गाडी सरळ उभी राहते” असा होतो. शब्द आमच्या तोंडून निघणार नव्हता एवढेच. तो कॉम्प्रेसरकडून वदविला जाणार होता. कारागिराने सत्य कळावे म्हणून फ्यूज काढला होता. आम्ही सत्य कळू नये म्हणून तोच पंप चालू ठेवणार होतो.

मग सारेच सांगावे काय? आम्हांस तसे वाटत नाही. टायर झिजलेले आहेत, दारावर ओरखडा आहे, हे घेणाऱ्याला दिसते. कमीत कमी कितीला देऊ, हे सांगण्यास आम्ही बांधलेले नाही. तेवढे त्यालाही ठाऊक असते आणि त्याची कमाल किंमत तोही सांगत नाही. परंतु जो दोष साध्या नजरेस दिसत नाही, जो कळला असता तर त्याने किंमत वेगळी लावली असती, आणि ज्याच्या न कळण्यावर आमचा नफा अवलंबून आहे, तो सांगितलाच पाहिजे. येथे तिन्ही गोष्टी एकत्र येत होत्या.

उरला ‘आपल्यातला’चा प्रश्न, आणि या पत्रिकेच्या वाचकांस तो परका नाही. आपली घराणी पैनगंगा ओलांडून या मुलखात केव्हा आली, याच्या कथा घरोघरी आहेत. १९५६ साली राज्यपुनर्रचना झाली तेव्हा किनवट आणि राजुरा हे आपल्या जिल्ह्याचे तालुके मुंबई राज्यात गेले आणि आपण अलीकडे राहिलो. प्रथम आंध्र प्रदेशात, २०१४ पासून तेलंगणात. भाषा टिकवायची म्हणून आपण ‘आपले’ हा शब्द जपून वापरला, आणि ते योग्यच झाले. परंतु सोयरीक करताना, सभा भरविताना वापरावयाचा शब्द सत्य किती सांगावे हे ठरविण्यासाठी वापरला, की तो भाषेचे रक्षण करीनासा होतो आणि केवळ नफ्याचे करू लागतो. कायद्यातील मुलीला खरे सांगावयाचे ते ती आपली म्हणून. पण घोड्याची खोड सर्वांच्या अंगणात सारखीच लाथ मारते.

आमच्या घरात एक गोष्ट सांगितली जाते. पणजोबा या भागात नवे होते, तेव्हा त्यांनी एका तेलुगू शेतकऱ्याकडून बैल घेतला. उपरण्याखाली बोटे धरून भाव ठरत आला असता विकणाऱ्याने हात सोडला आणि सांगितले की हा बैल सपाटीवर उत्तम आहे, पण चढावर जुवाखाली बसतो. निर्मलकडे जाताना महबूब घाट लागतो, तेथे याच्यावर भरवसा ठेवू नका. पणजोबा त्याच्या भाषेचे नव्हते, जातीचे नव्हते, गावचेही नव्हते. ही गोष्ट आम्ही लहानपणी अण्णांच्याच तोंडून ऐकली होती.

दुसऱ्या दिवशी आम्ही बलूनांची जोडी मागविली. ती बसविल्यावर कारागिराने पुन्हा फ्यूज काढून गाडी रात्रभर उभी ठेवली, आणि सकाळी दोन्ही बाजूंची मापे संध्याकाळच्या मापांशी जुळली. आता सांगण्यासारखे काय उरले, असे आमच्याही मनात येऊन गेले. पण कॉम्प्रेसर तोच होता, आणि त्याने सोसलेला ताप बाहेरून दिसत नव्हता. म्हणून गिऱ्हाइकाला सकाळी बोलाविले, जुना बलून त्याच्या हाती दिला, आणि पंपाची सगळी हकीगत सांगितली.

त्याने आभार मानले नाहीत. बलून वाकवून चिरा पाहिल्या, कारागिराला बाजूला नेऊन स्वतः विचारले, मग आमच्याकडे वळून म्हणाला, “पटेल, आणखी काय राहिलं आहे?” आम्हांस क्षणभर राग आला. खरे सांगितल्याने विश्वास वाढेल अशी आमची अपेक्षा होती, आणि येथे तर संशय वाढला होता. नंतर विचार केला तेव्हा वाटले, त्याचा तो हक्कच होता. आम्ही सांगितले ते त्याच्या विश्वासाची किंमत म्हणून नव्हे. त्याने नव्या कॉम्प्रेसरचा अंदाज घेऊन तेवढी रक्कम भावातून उतरविली आणि गाडी नेली. बलूनांचा खर्च आमचा आम्हीच सोसला.

दोन दिवस अण्णा आमच्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी सकाळी चहा घेताना ते आपणहून म्हणाले, “त्या बैलाची गोष्ट मी तुम्हांला पुरी सांगितली नव्हती. बसतो म्हटल्यावर आजोबांनी भाव पाडून घेतला होता.” थोडे थांबून त्यांनी पुढे सांगितले, “तो बैल बारा वर्षं आपल्या दावणीला होता. त्या माणसाचं नाव मात्र आपल्या घरात कोणी लक्षात ठेवलं नाही.”