न्यायाचे माप

गर्भावस्थेच्या अखेरच्या आठवड्यांत मेंदू झपाट्याने वाढतो. ३७ आठवड्यांपूर्वी जन्मलेल्या बालकास ती वाढ मातेच्या उदराबाहेर पूर्ण करावी लागते. त्यामुळे पुढे शाळेत अशा काही मुलांचे, बुद्धी चांगली असूनही, अवधान टिकत नाही. लागोपाठच्या सूचना स्मरत नाहीत, गणित जड जाते. त्याला आळस म्हटले जाते.

अशा मुलास एकेक सूचना सावकाश देणे, उत्तरासाठी अधिक वेळ देणे, हा इतरांवर अन्याय ठरेल काय? मत्तयाच्या २०व्या अध्यायातील द्राक्षमळ्याच्या धन्याने उशिरा आलेल्यांनाही पूर्ण दिनार दिला; पहिल्यांच्या मजुरीतून मात्र काही कापले नाही. ज्याचे त्यास देणे, हीच संत थॉमस अक्वायनस यांनी स्वीकारलेली न्यायाची व्याख्या आहे. पण शिक्षकाला ठाऊकच नसेल, तर तो काय देणार? म्हणून पालकांनी संकोच सोडून मुलाच्या जन्माची हकिगत त्याच्या कानी घालावी.