ओतप्रोत : ओतलेलं की विणलेलं?

॥ श्री गुरुदेव दत्त ॥ 🙏



"आजचं भजन भक्तिरसाने अगदी ओतप्रोत झालं!" असं आपण नेहमी म्हणतो. म्हणताना डोळ्यांपुढे घागर येते. ओतलं, काठोकाठ भरलं, सांडलं. पण या शब्दाचा ओतण्याशी काही संबंध नाही. हा शब्द मागावरचा आहे.

संस्कृतात 'वे' हा धातू म्हणजे विणणे. त्यापासून 'उत', म्हणजे विणलेलं. आ + उत = ओत आणि प्र + उत = प्रोत. उभंही विणलेलं आणि आडवंही विणलेलं, ते ओतप्रोत.

बृहदारण्यक उपनिषदाच्या तिसऱ्या अध्यायात, जनकराजाच्या सभेत, हे दोन शब्द एका बाईच्या तोंडी येतात. गार्गी याज्ञवल्क्यांना विचारते, "हे सगळं पाण्यात ओतप्रोत आहे, तर पाणी कशात?" उत्तर येतं, वायूत. "मग वायू कशात?" असं एकेक पायरी चढत ती ब्रह्मलोकापर्यंत जाते. तिथे याज्ञवल्क्य तिला थांबवतात. ती गप्प बसते, पण प्रश्न सोडत नाही. पुन्हा उठते, सभेची परवानगी घेते आणि विचारते, "जे झालं, जे आहे, जे होणार, ते सगळं कशात विणलेलं आहे?" आकाशात. "आणि आकाश?" अक्षरात, म्हणजे ज्याला क्षय नाही त्या ब्रह्मात. उत्तर पटल्यावर तीच सभेला सांगते, यांना नमस्कार करा.

गीतेच्या सातव्या अध्यायातही भगवंत 'प्रोत' हाच शब्द वापरतात. दोऱ्यात मणी ओवावेत तसं सगळं माझ्यात ओवलेलं आहे, असं ते अर्जुनाला सांगतात.

आमच्या इंदूरकडच्या भगिनींना माहेश्वरी साडी ठाऊकच आहे. अहिल्यादेवींनी महेश्वरात विणकर आणून वसवले, तिथली ही साडी. तिच्यात बहुधा ताणा रेशमाचा असतो, बाणा सुताचा. ताणा आधी मागावर ताणून बांधतात. तो जागचा हलत नाही. बाणा धोट्याबरोबर इकडून तिकडे धावतो. ताणाच नसेल तर बाणा धरायचा कशाला?

नाम हा आपला ताणा. डबे, दवाखाना, मुलांच्या परीक्षा, सासूबाईंची औषधं हा बाणा. सकाळी तासभर पूजा ओतली, तर दुपारपर्यंत ती वाळून जाते. विणलेली असेल तर ती भाजी चिरतानाही असते, बँकेच्या रांगेतही असते.

आता जरा अवघड गोष्ट. सगळं त्याच्यात विणलेलं असेल, तर वाटणीवरून ज्याच्याशी आपण बोलणं टाकलं, तो दीरही त्याच वस्त्रात आहे. घराच्या हिश्शावरून दुरावलेली नणंदही. एकाच फॅमिली ग्रुपवर दोघे भाऊ रोज "जय गुरुदेव" लिहितात, पण एकमेकांच्या नमस्काराला उत्तर देत नाहीत. अशी घरं आपल्यात आहेत. आईच्या वर्षश्राद्धाला दोन ठिकाणी पानं मांडली जातात.

धागा तुटला की विणकर काय करतो? माग थांबवतो, दोन टोकं शोधतो, जोडतो आणि पुढे विणायला लागतो. तुटला म्हणून कोणी लुगडं फाडत नाही. हिशेब हिशेबाच्या जागी राहू दे. ज्याने छळलं त्याच्या हाती पुन्हा किल्ल्या द्या, असंही नाही. पण विचारपूस कशाला थांबावी?

या गुरुवारी आरती झाली की आपण प्रत्येकाने एक फोन करू या. जुना विषय काढायचा नाही. "कसे आहात? तब्येत बरी ना?" एवढंच. समोरून उचलला नाही, तर पुढच्या गुरुवारी पुन्हा. गार्गीसुद्धा दुसऱ्यांदा उठलीच होती.

॥ श्रीगुरुचरणार्पणमस्तु ॥ 🙏