निरपराध पिल्लाचा तोल

कुत्र्याचे पिल्लू चालता चालता भेलकांडू लागते. मान एका अंगाला कलते, मागचे पाय एकमेकांत अडकतात, ताटलीकडे नेलेले तोंड ताटलीच्या शेजारी आपटते. हे कशामुळे होते, याचे पशुवैद्यकाकडचे उत्तर बऱ्यापैकी स्पष्ट आहे. ज्याने अजून काहीच केलेले नाही त्या जिवाच्या वाट्याला हे का यावे, हा प्रश्न मात्र धर्मविचाराचा आहे आणि त्यावर भारतीय परंपरांत एकमत नाही. पहिले उत्तर न ऐकता दुसऱ्या प्रश्नाला हात घातला, तर धर्मविचारही भलतीकडे जातो.

शरीराचा तोल कानाच्या आतला भाग, लहान मेंदू आणि पाठीच्या कण्यातून जाणारे मज्जातंतू मिळून सांभाळतात. पिल्लू जन्मते तेव्हा लहान मेंदू पुरता वाढलेला नसतो. डोळे साधारण दोन आठवड्यांनी उघडतात, पाऊल नीट पडायला आणखी एक-दोन आठवडे लागतात. तोवरचे डगमगणे हा आजार नाही. काही पिल्लांत मात्र लहान मेंदूची वाढ जन्मतःच अपुरी राहते. ती चालायला लागल्यापासूनच पाय फाकवून, उड्या मारल्यासारखी चालतात आणि खायला वाकली की त्यांचे डोके थरथरते. हा दोष वाढत जात नाही, दुखतही नाही. मोठी होता होता ती आपली अशी चाल बसवून घेतात.

धडधाकट पिल्लाचा तोल एकाएकी गेला, तर गोष्ट वेगळी. डिस्टेंपर या विषाणूजन्य आजारात आधी ताप येतो, डोळ्या-नाकातून स्राव वाहतो आणि पुढे विषाणू मेंदूत शिरला की झटके सुरू होतात. कानातला संसर्ग आत उतरला, डोक्याला मार बसला, जंतांनी आणि उपासमारीने रक्तातली साखर खाली गेली, तरीही पिल्लू कोलमडते. रेबीजमध्येही चाल बिघडते. म्हणून कारण कळेपर्यंत अशा पिल्लाच्या तोंडात हात घालू नये.

यवतमाळ जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला, तेलंगणाच्या सीमेवर असलेल्या झरी जामणी तालुक्यात आणखी एका कारणाचा विचार आधी करावा लागतो. हा कपाशीचा मुलूख. फवारणीच्या दिवसांत कीटकनाशकाचे डबे धुऱ्यावर पडलेले असतात, पंप घरी येतो, औषध कालवलेल्या बादलीत पाणी साचते. माणसासाठी हे विष किती घातक आहे ते 2017 च्या हंगामात दिसले: जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसच्या आसपास शेतकरी व शेतमजूर दगावले आणि शेकडो लोक रुग्णालयात दाखल झाले. गावात आणि कोलाम आदिवासींच्या पोडांवर, म्हणजे वस्त्यांवर, कुत्री मोकळीच हिंडतात, वावरात माणसामागे जातात. पिल्लू तर जे दिसेल ते चाटते. ऑर्गॅनोफॉस्फरस वर्गातले विष पोटात गेले की लाळ गळते, स्नायू फडफडतात, बाहुल्या बारीक होतात आणि पाय लटपटतात. वेळेत दवाखाना गाठला तर अॅट्रोपिनचे इंजेक्शन उपयोगी पडते. उशीर झाला तर श्वास थांबतो.

आता धर्मविचाराकडे. वेदान्ताचे उत्तर ब्रह्मसूत्रांच्या दुसऱ्या अध्यायात आहे. देव अतिसुखी, पशू अतिदुःखी आणि माणूस मधला अशी विषम सृष्टी करणारा ईश्वर पक्षपाती आणि निर्दय ठरत नाही काय, असा आक्षेप तिथे येतो. त्यावर शंकराचार्यांचे म्हणणे असे की ईश्वर प्राण्यांच्या कर्माला धरूनच सृष्टी करतो, म्हणून दोष त्याच्याकडे जात नाही. आणि पहिले कर्म कुठून आले असे विचारले, तर संसार अनादि आहे. तर्क म्हणून हे उत्तर भक्कम आहे. पण ते ईश्वराच्या बचावासाठी दिलेले आहे. पिल्लाजवळ उभ्या असलेल्या माणसाने काय करावे, हे त्यातून निघत नाही. पशुयोनी ही केवळ भोगयोनी, हे रूढ मत त्याला जोडले की ‘भोग आहे, भोगू दे’ इथपर्यंत पोचायला वेळ लागत नाही. शंकराचार्य तिथे गेले नव्हते, लोक जातात.

सतराव्या शतकातल्या फ्रान्समध्ये मालब्रांश या पाद्री तत्त्वज्ञाला हीच अडचण आली. पाप न केलेल्या जनावराला न्यायी ईश्वर वेदना कशी देईल? त्याने जनावराला वेदना होतच नाही असे ठरवून टाकले. त्यापेक्षा वेदान्त बराच प्रामाणिक म्हणावा लागेल; वेदना त्याने नाकारली नाही.

बौद्ध परंपरेत याच प्रश्नाला थेट हात घातलेला आहे. संयुत्त निकायातल्या सीवक सुत्तात मोळियसीवक नावाचा परिव्राजक बुद्धांना विचारतो की जे जे सुखदुःख वाट्याला येते ते सगळे पूर्वकर्माचेच फळ, असे काही श्रमण-ब्राह्मण म्हणतात, ते खरे काय? बुद्ध ते मान्य करत नाहीत. पित्त, कफ, वात, त्यांचा संयोग, ऋतूतला बदल, निगा राखण्यातली हेळसांड, आघात आणि कर्मविपाक अशी आठ कारणे ते सांगतात. कर्म तिथे आठातले एक आहे. उरलेली सात माणसाला डोळ्यांनी पाहता येतात आणि त्यांतल्या काहींवर इलाजही आहे. पिल्लाच्या बाबतीत हेळसांड आणि आघात ही दोन कारणे तर थेट माणसाच्या दारात येऊन थांबतात. 1957 साली प्रसिद्ध झालेल्या ‘द बुद्ध अँड हिज धम्म’ या ग्रंथात डॉ. आंबेडकरांनी पूर्वजन्मीच्या कर्माने आजची अवस्था ठरते ही कल्पना नाकारली. तिने दुःखितांची जबाबदारी समाजावरून उतरते, हा त्यांचा आक्षेप होता. तो माणसांबद्दलचा होता. जनावरांना लावायला काही आड येत नाही.

खुद्द महाभारताच्या आरंभी एका पिल्लाची फिर्याद आहे, ही गोष्ट सहसा विसरली जाते. कुरुक्षेत्री राजा जनमेजय भावांसह सत्र, म्हणजे दीर्घ यज्ञ, करत असताना देवांची कुत्री सरमा हिचे पिल्लू तिथे येते आणि भाऊ त्याला बदडतात. ते रडत आईकडे जाते. सरमा आधी त्यालाच विचारते, तुझा काही अपराध झाला का? हविर्द्रव्याकडे पाहिलेही नाही, चाटलेही नाही, असे ते सांगते. मग ती सत्रमंडपात येऊन जाब विचारते आणि कुणीच उत्तर देत नाही, तेव्हा न दिसणारे भय तुमच्यावर येईल असा शाप देते. सरमेची चौकशी याच जन्मातल्या अपराधाची आहे. सत्राला बसलेल्यांपैकीही कुणी ‘त्याचे पूर्वकर्म’ असे म्हणत नाही. जनमेजय धास्तावतो आणि या पापाचे निवारण करील असा पुरोहित शोधायला निघतो. निरपराधाच्या वेदनेचे ओझे मारणाऱ्यावर पडते, असा या कथेचा निवाडा आहे.

या निवाड्याने पाहिले तर तोल गेलेल्या प्रत्येक पिल्लामागे एकच कर्तव्य उभे राहत नाही. विष असेल तर जबाबदारी उघडा डबा टाकणाऱ्याची. डिस्टेंपर असेल तर लस न टोचणाऱ्याची, आणि ही हेळसांड गावापुरती राहत नाही. झरी जामणीशेजारच्या केळापूर-घाटंजी भागात टिपेश्वरचे वन्यजीव अभयारण्य आहे, तिथे वाघ आहेत आणि डिस्टेंपरचा विषाणू कुत्र्यांपुरता थांबत नाही. 2018 मध्ये गीरच्या सिंहांच्या मृत्यूंत हाच विषाणू सापडला होता. लस पिल्लाच्या सहाव्या ते आठव्या आठवड्यापासून देतात आणि चौथ्या महिन्यापर्यंत पुढचे डोस पुरे करतात.

उरतो तो सुटकेचा प्रश्न: फार हाल होत असतील तर मारणे धर्म्य आहे काय? 1928 मध्ये साबरमती आश्रमातले एक वासरू असह्य वेदनेत होते आणि इलाज उरलेला नव्हता. गांधीजींनी डॉक्टरकडून विषाचे इंजेक्शन देववून त्याचा अंत घडवला, आणि ही हिंसा नव्हे, अहिंसाच असे लिहिले. त्यांच्यावर संतापाच्या पत्रांचा वर्षाव झाला. गांधीजींच्या युक्तिवादाचा कणा दोन अटींवर उभा आहे: वेदना खरोखर असह्य हवी आणि उपाय खरोखर संपलेला हवा. पाहणाऱ्याला होणारा त्रास यात धरलेला नाही. लटपटणारे पिल्लू पाहवत नाही म्हणून त्याला संपवणारा माणूस स्वतःचीच सुटका करून घेत असतो.

2023 च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांतही भटक्या कुत्र्याला असा मृत्यू देण्याची मुभा असाध्य आजार किंवा प्राणघातक जखम असल्यासच, आणि तीही पशुवैद्यकाच्या हातून आहे. जन्मापासून लहान मेंदू अपुरा असलेले पिल्लू या दोहोंत बसत नाही. त्याला विहीर आणि चुलीपासून दूर अशी सपाट जागा व उलटणार नाही असे पसरट भांडे एवढे पुरते.